वैशाखात अडलेलं पान

२०२५च्या गुढीपाडव्याला मी एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी वाचायला घेतली आणि अक्षय्य तृतीया आली तेव्हा तिच्या ४३व्या पानावर होते. पान उलटलं की मागच्या पानावर कोण काय बोललं ते आठवेना. मग पुन्हा मागे. रात्री पुस्तक उशाशी घ्यायचं, दोन परिच्छेद डोळ्यांखालून घालायचे आणि हात आपसूक मोबाइलकडे जायचा. सोळा वर्षं मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसते. लोकांना पुस्तकं काढून देणं हे माझं रोजचं काम. त्या टेबलावर बसून आपलं वाचन थांबलंय, हे कुणाला सांगायचीही चोरी झाली होती.

उन्हाळ्यात वाचन मंदावतं हे आमच्या रजिस्टरात दरवर्षी दिसतं. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा, तेव्हा आया पुस्तक बदलायला येत नाहीत. एप्रिल लग्नसराईत जातो. मे महिन्यात गच्चीवर कुरडया-पापडांची वाळवणं, घरात पाहुणे, संध्याकाळी टीव्हीवर क्रिकेट. परत आलेलं पुस्तक जमा करताना मी त्याची पानं चाळते. वाचणारा जिथे थांबला तिथे बहुधा कोपरा दुमडलेला असतो, नाहीतर एसटीचं तिकीट किंवा गोळ्यांचं रिकामं पाकीट सापडतं. थंडीत परत येणाऱ्या पुस्तकांत ही खूण शेवटाजवळ असते किंवा नसतेच. उन्हाळ्यात ती विसाव्या, तिसाव्या पानावर असते. तेवढ्यावरून मला कळतं, या घरात यंदा काय झालं ते.

आपण दोष देतो उन्हाला. दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, वीज जाते, पानावर घामाचा थेंब पडतो. पण त्या वर्षानं हे कारण माझ्यापुरतं निकालात काढलं. मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचला. आमच्याकडेही मे महिन्यातच पावसाची झड लागली, हवा गार झाली, रात्री पंखा बंद करावा लागला. आणि माझी कादंबरी तशीच ४३व्या पानावर.

त्याच दिवसांत आमच्या एका जुन्या सभासदांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. निवृत्त शिक्षक, शाळेत मला शिकवलेले. डॉक्टरांनी काही दिवस वाचायचं नाही म्हणून सांगितलं होतं. सुनेचा निरोप आला, “गुरुजींना करमत नाही, तुम्ही थोडं वाचून दाखवाल का?” मी फोन करून विचारलं, काय आणू? गुरुजी म्हणाले, “लक्ष्मीबाई आण. त्या बाई बोलत असतात. तू नुसता त्यांना आवाज दे.”

मी ‘स्मृतिचित्रे’ घेऊन गेले. रोज संध्याकाळी अर्धा तास वाचायचं ठरलं होतं. तिसऱ्या दिवशी दिवेलागण झाली तरी आम्ही थांबलो नव्हतो. सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, नातू पोटावर पडून ऐकत होता. त्या रात्री घरी येऊन मी पुढची साठ पानं एका बैठकीत वाचली. दोन महिने अडलेलं वाचन सुटलं ते असं.

गुरुजींच्या त्या एका वाक्यानं मला माझ्या टेबलावरचं काम नव्यानं शिकवलं. वाचन अडलेल्या माणसाला आपण विषय विचारतो. इतिहास हवा की विनोद, चरित्र की रहस्य? त्याला त्या घडीला हवा असतो कुणाचा तरी आवाज. पहिल्या ओळीपासून कुणीतरी आपल्याशी बोलतंय, आपण नुसतं शेजारी बसायचं, असं पुस्तक. जून ते गणपती या काळात मी याच कसोटीवर पुस्तकं काढून दिली. त्यांतली जी लोकांनी शेवटापर्यंत वाचली आणि जी मला स्वतःला पुन्हा वाचावीशी वाटली, त्यांचा हा आढावा. यातलं एकही पुस्तक दुर्मीळ नाही. बरीचशी तुमच्या गावच्या कपाटात असतील.

सुरुवात अर्थातच लक्ष्मीबाई टिळकांपासून. ‘स्मृतिचित्रे’ चार भागांत १९३४ ते १९३६ या काळात आलं. लहान वयात लग्न झालेली, लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं शिकलेली ही बाई, आणि तिचं गद्य आज नव्वद वर्षांनीही ताजं. वडिलांच्या सोवळ्याओवळ्याच्या वेडापायी सगळ्या घराला काय भोगावं लागलं ते ती सांगते आणि ऐकणारा हसतो. नारायण वामन टिळक घर सोडून जातात, परत येतात, आणि १८९५ मध्ये ख्रिस्ती होतात. मागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळतं. पुढे काही वर्षांनी त्या स्वतः त्या वाटेनं जातात. मनातली जात कशी एकेक पदर करून सुटली, हे इतक्या सरळपणे सांगणारं दुसरं पुस्तक मला मराठीत ठाऊक नाही. कुठेही रडगाणं नाही, कुठेही आपण थोर असल्याचा आव नाही. ज्याचं वाचन थांबलंय त्याच्यासाठी या पुस्तकाची आणखी एक सोय आहे. प्रसंग लहान लहान आहेत. दोन वाचून ठेवलं तरी धागा तुटत नाही.

इथे एक गोष्ट मी स्पष्ट सांगते. प्रस्तावना वाचू नका. आपल्याकडे जुन्या पुस्तकांना वीस-तीस पानांच्या प्रस्तावना असतात, त्या अभ्यासपूर्णही असतात, पण उन्हाळ्यात दुमडलेले किती कोपरे मला प्रस्तावनेतच सापडतात! त्या शेवटी वाचाव्यात, पुस्तक आपलं झाल्यावर.

रा. रं. बोराडे २०२५च्या फेब्रुवारीत गेले. त्यांची ‘पाचोळा’ १९७१ची. गावातल्या शिंप्याची बायको आपल्या संसाराची कहाणी मराठवाड्याच्या बोलीत सांगते. नवऱ्याचा ताठा, शिकणारा मुलगा, आणि डोळ्यांदेखत विस्कटत जाणारं घर. पुण्या-मुंबईच्या वाचकाला पहिली पाच पानं थोडी अडखळवतील. ती मोठ्यानं वाचावीत. सहाव्या पानापासून ती बाई समोर बसून बोलायला लागते. आमच्या एक सभासद, शिवणकाम करणाऱ्या, हे पुस्तक परत द्यायला आल्या तेव्हा टेबलाशी बराच वेळ गप्प उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “ताई, ह्यांचं दुसरं आहे का?” आमच्या कामात याहून मोठी पावती नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) बहुतेकांनी शाळेत एखाद्या उताऱ्यापुरती वाचलेली असते आणि तेवढ्यावर ती वाचून झाली असं समजून सोडलेली असते. पुन्हा घ्या. औंध संस्थानातला एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. तो कमी बोलतो, पाहतो जास्त. कारभारी, रामोशी, मेंढरं, तालमीचं बांधकाम आणि शेवटी पडलेला दुष्काळ. माणदेश आमच्या शेजारचा, सांगोल्याच्या बाजूला गेलं की तो माळ आजही दिसतो. म्हणून माझं या पुस्तकावर प्रेम जास्त असेल, पण एवढ्या थोड्या पानांत एवढी माणसं उभी करणं हे कुणालाही मानावंच लागेल. उन्हाळ्यात वाचताना तर त्या दुष्काळाची पानं अंगावर येतात. त्याच लेखकाची ‘माणदेशी माणसं’ दुपारच्या चहाआधी एक, अशा हिशेबानं वाचता येतात. माकडांच्या टोळ्यांतल्या सत्तेच्या झगड्यावरची ‘सत्तांतर’ ही इवलीशी कादंबरी, जिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, ती मी सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना देते. त्या वयाला ती बरोबर लागू पडते.

लंपनबद्दल मात्र मला थोडं थांबून बोलायचंय.

प्रकाश नारायण संत कराडला भूगर्भशास्त्र शिकवत. लंपनच्या कथा त्यांनी साठच्या दशकात लिहायला घेतल्या आणि मग फार वर्षं त्यांचं लिहिणं थांबलं. ‘वनवास’ हा पहिला संग्रह आला १९९४ मध्ये. त्यामागून ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ते गेल्यानंतर ‘झुंबर’. ज्यांना आपलं वाचन सहा महिने थांबल्याची बोच लागते त्यांनी हे ध्यानात ठेवावं. लिहिणारा इतकी वर्षं थांबूनही त्याच पोराच्या त्याच आवाजात परत बोलू शकला. लंपन हा बेळगावकडच्या गावात आजी-आजोबांजवळ राहणारा मुलगा. आई-वडील दुसऱ्या गावी. त्याच्या बोलण्यात कानडीचा हेल आहे, कशाचंही मोजमाप सांगताना तो भलतेच मोठे आकडे घेतो, आणि सुमी नावाच्या मुलीजवळ त्याचं काहीतरी होतं ते त्याला कळत नाही. लाल माती, पाऊस, तबला, बँड, आजीचं स्वयंपाकघर. या कथांमध्ये फार काही घडत नाही. अडलेल्या वाचकाला भराभर घडणारं पुस्तक द्यावं, असा समज आहे, तो मला चूक वाटतो. घडामोडींचा त्याला रोजच्या फोनवरच वीट आलेला असतो. लंपनच्या सोबतीनं तो पुन्हा हळू चालायला शिकतो. लहानपणी मामाच्या गावी काढलेल्या मे महिन्याची आठवण ज्याच्याजवळ शिल्लक आहे, त्यानं ‘वनवास’ घ्यावं, आणि चारही पुस्तकं एकदम आणू नयेत. एक संपलं की दोन दिवस रिकामे जाऊ द्यावेत.

याच्या अगदी उलट स्वभावाचं, पण तितकंच धरून ठेवणारं पुस्तक म्हणजे विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’. १९३९ साल, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर आलेली ही कादंबरी. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून बाहेर फेकले गेलेले ज्यू, आणि मुंबईला परतणारा चक्रधर. त्या ज्यूंमधली हॅर्टा आणि तो यांच्यामध्ये दहा-बारा दिवसांत जे घडतं ते सांगून मी ते वाया घालवणार नाही. जमीन दिसते पण उतरायला परवानगी नाही, अशी माणसं त्या बोटीवर आहेत. आजच्या बातम्या वाचणाऱ्याला ती ओळखीची वाटतील. दीडशेच्या आत पानं. शनिवारी दुपारी सुरू केलं तर रविवारी सकाळी संपतं, आणि सोमवारी कामात लक्ष लागत नाही.

नाटकं वाचायची सवय आपल्याकडे मोडत चालली आहे. नाटकांची कपाटं आमच्याकडे सर्वात कमी उघडली जातात. पण नाटकात तर नुसते आवाजच असतात! महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ एका दुपारचं वाचन आहे. विदर्भातला देशपांड्यांचा वाडा, वडील गेलेत, मुंबईचा मुलगा दिवसांना आलाय, आणि दिवसपाण्याचा खर्च कुणी करायचा यावरून सगळं घर उघडं पडतं. घरातल्या तिघाचौघांनी पात्रं वाटून घेऊन वाचलं तर आणखी चांगलं. गुरुजींच्या घरी आम्ही तसं वाचलं. नातवाला पराग दिला होता, त्यानं तो मनापासून वाचला.

ज्यांना सलग गोष्ट नकोच असते, त्यांना मी दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ (१९५६) देते आणि एकच अट घालते. जो मराठी महिना चालू आहे तेवढाच लेख वाचायचा. चैत्रात चैत्र, वैशाखात वैशाख. पुढचं पान उघडायचं नाही. पंधरा-वीस मिनिटांचं काम. पण वाचून दारात आलं की समोरचा बहावा वेगळा दिसतो. रोज त्याच रस्त्यानं जाताना कधी मान वर केली नव्हती, हे लक्षात येतं. मागे एका बाईंनी असं वर्षभर बारा वेळा हे पुस्तक नेलं. दर महिन्याला रजिस्टरात तोच दाखल क्रमांक लिहिताना मला फार बरं वाटायचं.

दुर्गाबाईंच्या शेजारी मारुती चितमपल्ली ठेवायला हवेत. ते मूळचे आमच्या सोलापूरचे. वनखात्यात आयुष्य घालवून, पद्मश्रीचा मान २०२५ मध्ये मिळून, त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरातच ते गेले. त्या आठवड्यात ‘रानवाटा’ आणि ‘चकवाचांदण’ची मागणी आली आणि आमच्या दोन्ही प्रती बाहेर होत्या. माझं मत विचाराल तर आधी ‘रानवाटा’. ‘चकवाचांदण’ हे आत्मचरित्र मोठं आहे, ते वाचनाला वेग आल्यावर घ्यावं.

त्याच्या आधी महिनाभर, २० मेला, जयंत नारळीकर गेले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून. मोठं नाव पाहून बक्षीस मिळू नये म्हणून. पहिलं बक्षीस त्याच कथेला मिळालं. ‘यक्षांची देणगी’ हा त्यांचा संग्रह १९७९चा. आज वाचताना त्यातली यंत्रं जुनी वाटतात, कल्पना वाटत नाहीत. पानिपतात मराठे जिंकले असते तर, या कल्पनेवरची त्यांची गंगाधरपंतांची गोष्ट तर इतिहासाचं वेड असलेल्या कुठल्याही मुलाच्या हातात द्यावी.

रहस्य आणि भय यांबद्दल थोडक्यात. बाबुराव अर्णाळकर, सुहास शिरवळकर, नारायण धारप यांनी मराठी माणसाला वाचतं ठेवलं, आणि ‘ते हलकं’ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांचं मला कधी पटलं नाही. धारपांची एखादी कादंबरी वीज गेलेल्या रात्री कंदिलाच्या उजेडात वाचलेली माणसं ती जन्मभर विसरत नाहीत. विनोदात चिं. वि. जोशींचा चिमणराव अजून चालतो, विशेषतः मोठ्यानं वाचला तर. पु. लं.चं मी मुद्दाम सांगत नाही. ते प्रत्येकाच्या घरात असतं, फक्त ‘व्यक्ती आणि वल्ली’ कॅसेटवर ऐकून पाठ झालेली असली तरी नुसती वाचून पाहा. ‘नंदा प्रधान’ कानांपेक्षा डोळ्यांना जास्त कळतो.

मुलांचं वाचन सुट्टीत वाढतं असं म्हणतात. आमचा अनुभव असा की पहिले आठ दिवस वाढतं. त्यानंतर टिकतं ते घरात कुणी सोबत वाचलं तरच. फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, आजही सायकलवरून पोरांना ओढून नेतो. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. मोबाइल काढून घेऊन मुलांशी भांडण्यापेक्षा त्याच मोबाइलवर ‘किशोर’चा जुना दिवाळी अंक उघडून शेजारी बसावं.

मग जाड पुस्तकं केव्हा? वाचन सुटून महिना झाला की. पहिलं मी ‘पाडस’ देते, राम पटवर्धनांनी केलेला ‘द इयरलिंग’चा अनुवाद. फ्लोरिडाच्या रानातला ज्योडी आणि त्याचं हरणाचं पिल्लू. अनुवाद वाचतोय हे दहा पानांनंतर आठवतही नाही. ‘मृत्युंजय’चं नाव ऐकून काहीजण आकारालाच भितात, पण ती सहा जणांच्या तोंडून सांगितलेली आहे. कर्ण थकला की कुंती बोलते. म्हणूनच तर तिच्या जाडीचा धाक बाजूला ठेवून शाळकरी मुलं ती मे महिन्यात संपवत आली आहेत. ‘कोसला’ विशीतल्या वाचकाला द्यावी. चाळिशीनंतर प्रथमच हातात घेणाऱ्याला ती त्रास देते, असं मी पाहिलं आहे. जी. एं.च्या कथा मात्र वाचन थांबलेलं असताना उघडू नयेत. त्यांना पूर्ण जागा मन लागतं, आणि अर्धवट वाचून त्या ठेवल्या तर पुन्हा हात लावायचं धाडस होत नाही.

कुणी म्हणेल, हे सगळं जुनंच सांगितलंत. काही अंशी खरं आहे. नव्यांपैकी शरद बाविस्करांचं ‘भुरा’ आमच्याकडे कपाटात थांबतच नाही. धुळे जिल्ह्यातल्या खेड्यापासून जेएनयूत प्राध्यापक होण्यापर्यंतचा हा प्रवास त्या मुलाच्या आवाजात आहे, म्हणूनच तो वाचला जातो. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ही तशीच, एकाच माणसावर प्रेम करणाऱ्या भाऊ-बहिणीचे दोन आवाज. ती मी टेबलावर पुढे ठेवते, मागावी लागू नये म्हणून.

आता पुस्तकं मिळायच्या जागा. पाचगणी-महाबळेश्वरला उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी भिलारला गाडी थांबवावी. स्ट्रॉबेरीचं हे गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. लोकांनी आपल्या घरांतल्या खोल्या पुस्तकांना दिल्या आहेत. कुणाच्याही पडवीत बसा, पुस्तक काढा, वाचा. पैसे लागत नाहीत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ची पेटी तर आखातातल्या मराठी घरांपर्यंत गेली आहे. ज्यांच्या गावात मराठी वाचनालयच नाही, त्यांच्यासाठी ती पेटीच वाचनालय. बाकी आपल्याकडे मात्र वाचनालयांची उणीव नाही. रत्नागिरीचं १८२८पासूनचं, नाशिकचं १८४०चं, ठाण्याचं १८९३चं. १९६७च्या कायद्यानंतर तर लहान लहान गावांतही ती उभी राहिली. वर्गणी बहुतेक ठिकाणी एका सिनेमाच्या तिकिटाहून कमी आहे.

ती ४३व्या पानावरची कादंबरी मी न संपवता परत जमा केली. दुसऱ्या दिवशी एका कॉलेजच्या मुलानं नेली आणि दहा दिवसांत वाचून आणून दिली. पुस्तक चांगलंच होतं. मला ते त्या वेळी नको होतं, एवढंच.

तुमचंही एखादं पुस्तक असं अडलेलं असेल तर ते परत करा. येत्या चैत्रात, ऊन तापायच्या आधी, गावच्या वाचनालयात जा आणि देवघेवीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला सरळ सांगा, माझं वाचन थांबलंय. लाजू नका, त्याचंही कधीतरी थांबलेलं असतं. तो जे पुस्तक काढून देईल त्याचं पहिलं पान तिथेच उभं राहून, ओठ हलवत वाचा. आवाज ऐकू आला तर घरी न्या. नाही आला तर त्याला दुसरं मागा. आमचं वाचनालय संध्याकाळी आठपर्यंत उघडं असतं.